सल्ला : सीईटीच्या आधी तहसील कचेरी

पत्र : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. एलएलबी करायचं मनात आहे, पण कोर्टाचं इंग्रजी झेपेल का ही धास्ती आहे. तिसऱ्या सेमिस्टरचा एक पेपर राहिलाय. सीईटीच्या क्लासवाल्यांनी ४० हजार फी सांगितली. कॉलेज पुण्या-मुंबईचंच हवं का, हेही कळत नाही. बाबा म्हणतात, वकिलीत दहा वर्षं घरून पैसे घालावे लागतात, त्यापेक्षा एमपीएससी कर. मैत्रीण म्हणते, दोन्ही एकदम होतं. आम्ही ओबीसी, जातीचा दाखला आहे. शेजारचा दादा त्याची एलएलबीची सगळी पुस्तकं १,५०० रुपयांत देतोय, घेऊ का?

उत्तर :

एवढ्या प्रश्नांत, ज्या गोष्टीवर प्रवेश खरोखर अडकतो ती तू तीन शब्दांत उरकली आहेस : ‘जातीचा दाखला आहे’. त्याच्यावर बरंच बोलायचंय. पण त्याआधी एक घोळ मिटवू.

महाराष्ट्रात एलएलबीच्या दोन वाटा आहेत, बारावीनंतर पाच वर्षांची आणि पदवीनंतर तीन वर्षांची. तुझी वाट तीन वर्षांची. तिच्यासाठी राज्याचा सीईटी कक्ष वेगळी परीक्षा घेतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पदवीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून भरतो, तेव्हा क्लॅटचे गठ्ठे विकत घेऊ नकोस. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२२ पासून तीन वर्षांचा एलएलबी सुरू केलाय, त्याची स्वतःची परीक्षा असते आणि ती इंग्रजीत लिहावी लागते. दिल्ली विद्यापीठ सीयूईटी-पीजी या केंद्रीय प्रवेश परीक्षेतून प्रवेश देतं. तुझ्या पत्राचा रोख पाहता राज्याची सीईटी हेच मुख्य धर.

आता ‘झेपेल का’. याचं उत्तर क्लासमध्ये मिळत नाही, जिल्हा न्यायालयात मिळतं. खुल्या न्यायालयात कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतं, पास लागत नाही. साधे कपडे, फोन बंद, चित्रीकरण अजिबात नाही. कौटुंबिक वाद किंवा बालकांवरील अत्याचाराचे खटले बंद दाराआड चालतात, तिथे जाऊ नकोस. अकराच्या आत पोच. दाराबाहेर त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी लावलेली असते, तिला ‘बोर्ड’ म्हणतात. शिपाई पुकारा करतो, वकील उठतात, दोन मिनिटांत पुढची तारीख पडते, रोजनाम्यात नोंद होते, पुढचा पुकारा. पहिला तास असाच जातो आणि बघणारा कंटाळतो. तिथे उठून जाऊ नकोस. एखाद्या दालनात साक्षीपुरावा चालू असेल तिकडे सरक.

उलटतपास सिनेमातल्यासारखा नसतो. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार ‘नाही साहेब’ म्हणतो, आणि न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात : ‘हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी घरी नव्हतो.’ साक्षीदार बोलला दोन शब्द, कागदावर उतरलं अख्खं वाक्य, आणि त्या वाक्यातल्या ‘नाही’ची जागा चुकली तर अर्थ उलटा. म्हणून समोरचा वकील मध्येच थांबवून शब्द बदलून मागतो. हे बघताना तुला पुढचा प्रश्न काय येईल याची उत्सुकता वाटली तर तुझी वाट बरोबर आहे. चार-पाच दिवस बसून नुसती जांभई येत असेल, तर निदान कोर्टातली वकिली तुझ्यासाठी नाही. कायद्याच्या पदवीवर करायची इतर कामं आहेत, पण मग ती कुठली ते आधीच ठरव.

इंग्रजीबद्दल. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मराठी चालते : दावा, कैफियत, जबाब, युक्तिवाद, सगळं. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय मात्र इंग्रजीतच चालतं. अनेक विद्यापीठांत एलएलबीची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. म्हणजे मराठीवर पदवी निघते आणि तालुक्याला वकिलीही होते, पण निवाडे वाचता आले नाहीत तर वर सरकता येत नाही. बोलण्याचं इंग्रजी नंतर सुधारेल, आत्ता वाचण्याचं पक्कं कर.

त्यासाठी एक सराव देते. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर सगळे केंद्रीय कायदे फुकट आहेत. तिथे अधिवक्ता कायदा, १९६१ उघड आणि कलम २४ मधलं पोटकलम १ चं खंड ‘एफ’ वाच. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेताना किती पैसे भरायचे ते त्यात लिहिलंय : राज्य बार कौन्सिलला (वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेला) ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५० रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १०० आणि २५. आता प्रश्न असा, की कायद्यात ७५० लिहिलं असताना राज्याराज्यांतल्या कौन्सिल ग्रंथालय निधी, कल्याण निधी, प्रक्रिया शुल्क अशा नावांनी हजारो रुपये जास्त घेऊ शकतात का? ‘गौरव कुमार विरुद्ध भारत संघ’ हा ३० जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा नेमका यावर आहे. न्यायालय म्हणालं, घेऊ शकत नाहीत.

हा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ई-एससीआर’ या निवाड्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळेल. पहिल्या पानापासून वाचायला बसू नकोस, दहाव्या पानावर झोप येईल. निवाड्याचा सांगाडा ठरलेला असतो : पक्षकारांची नावं, हकीकत, न्यायालयापुढचे मुद्दे, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद, कारणमीमांसा, शेवटी आदेश. आधी मुद्दे वाच, मग थेट शेवटचा आदेश. उत्तर कळलं की मागे येऊन कारणमीमांसा वाच, म्हणजे प्रत्येक परिच्छेद कशासाठी आहे ते दिसतं. अडलेला शब्द साध्या शब्दकोशात शोधू नकोस. राज्याच्या भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ आहे, त्यात न्यायालयात चालणारा मराठी प्रतिशब्द मिळतो. काही निवाड्यांची मराठी भाषांतरं सर्वोच्च न्यायालयाच्याच संकेतस्थळावर असतात, ती शेजारी ठेवून वाचली तरी चालेल. रोज दोन पानं, तीन महिने. क्लासच्या इंग्रजीच्या तासांपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

आता कागद.

दरवर्षी गुणवत्ता यादीत नाव असूनही मुलं राखीव जागेवरून खुल्या प्रवर्गात फेकली जातात, ती कागदांपायी. ओबीसीसाठी तीन कागद लागतात आणि तीन वेगळ्या ठिकाणी मिळतात. जातीचा दाखला, तो तुझ्याकडे आहे. नॉन-क्रीमी लेअर, म्हणजे कुटुंब ओबीसींतल्या उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, हा मुदतीचा असतो. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेणार त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध असला पाहिजे, मागच्या वर्षीचा संपलेला चालत नाही. सेतू किंवा ‘आपले सरकार’ केंद्रातून अर्ज होतो. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आधी काढावा लागतो आणि निकालाच्या हंगामात तिथे रांग लागते, म्हणून हे काम एप्रिलमध्येच संपव.

तिसरा कागद जात वैधता प्रमाणपत्र. खरा वेळखाऊ हाच. अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यायची, सोबत कॉलेजचं पत्र. समितीला पुरावा लागतो तो तुझ्या जातीचा आत्ताचा नव्हे, पूर्वजांच्या जातीचा, आणि तोही मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीचा. ओबीसीसाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे वडिलांचा, आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा त्या तारखेआधीचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची जुनी नोंद, ज्यात जात लिहिली आहे असं काही. तो उतारा गावच्या शाळेतून काढावा लागतो, मुख्याध्यापक सुट्टीवर असतात, रजिस्टरचं पान फाटलेलं असतं, आजोबांचं आडनाव त्या वेळी वेगळं लावलेलं असतं. आडनाव बदललं असेल तर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जपून लिहून घे, त्यातली नावं आणि उताऱ्यातली नावं जुळली पाहिजेत. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जोड, काम बरंच हलकं होतं. काका-आत्यांना आजच फोन कर. या सगळ्याला महिने लागतात. सीईटीचा निकाल लागल्यावर जाग आली तर उशीर झालेला असतो.

आणि हे पैशांशी जोडलेलं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, म्हणजे तुझ्यासारख्या, मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून, मिळालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर करायचा. इतर शुल्क आणि वसतिगृह यात येत नाही. कॉलेजचं माहितीपत्रक घेऊन एकूण फीमधला ‘शिक्षण शुल्क’ हा आकडा वेगळा करून पाहा, म्हणजे खिशातून किती जाईल ते कळेल.

राहिलेल्या पेपरचं. शेवटच्या वर्षाला असताना सीईटी देता येते, पण प्रवेशावेळी पदवी पूर्ण झालेली लागते. सहाव्या सेमिस्टरला पहिला वर्ग मिळाला आणि तिसऱ्याचा पेपर तसाच राहिला, तर पदवी नाही आणि प्रवेशही नाही. या परीक्षेत तो पेपर पहिल्या क्रमांकावर ठेव. किमान गुणांची अट खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. ही बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतली अट आहे. ४१.९ ला ४२ धरतील अशा आशेवर राहू नकोस. सीजीपीए असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीत रूपांतराचं पत्र आत्ताच माग. दहावीची गुणपत्रिका आणि आधार यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का तेही बघ. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, यावरही कागद पडताळणीत अडतात. (पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी : मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण दहावी-बारावी करून मग घेतलेली. पायरी गाळून थेट घेतलेली चालत नाही. वयाची अट सध्या लागू नाही, सर्वोच्च न्यायालयाने तिला २०१७ मध्ये स्थगिती दिली आहे.)

सीईटी स्वतः त्या मानाने सोपी. २०२५ ची परीक्षा १२० गुणांची, १२० प्रश्नांची, दोन तासांची होती : इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी ३२, विधी अभियोग्यता २४, तर्क २४. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इंग्रजी सोडून बाकी प्रश्न मराठीत वाचता येतात. तुझ्या राज्यशास्त्राने सामान्य ज्ञानाचा मोठा वाटा आधीच झालेला आहे. ४० हजारांचा क्लास लावायची गरज आम्हाला दिसत नाही. घड्याळ लावून सोडवलेले वीस-पंचवीस सराव पेपर आणि चुकांची वही एवढं पुरतं. क्लास लावलाच तर सराव परीक्षांचाच घे.

विधी अभियोग्यतेत मात्र एक खोड मोडावी लागते. प्रश्न असा येतो : ‘तत्त्व : दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणे म्हणजे चोरी. हकीकत : अ ने बैठकीतून निघताना स्वतःची समजून ब ची छत्री उचलली.’ बहुतेक मुलं ‘ब चं नुकसान झालं, म्हणजे चोरी’ असं लिहून मोकळी होतात. पण तत्त्वात हेतू मागितलाय आणि उचलताना अ चा हेतू अप्रामाणिक नव्हता, म्हणून चोरी नाही. घरी गेल्यावर छत्री ब ची आहे हे कळूनही अ ने ती ठेवून घेतली, तर? तरीही चोरी नाही, तो अपहाराचा वेगळा गुन्हा. तत्त्वात जेवढं दिलंय तेवढंच वापरायचं, आपली नीतिमत्ता बाहेर ठेवायची. ही सवय लागली की २४ गुण जवळजवळ हातात.

निकालानंतर ‘कॅप’चा पर्याय अर्ज येतो, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम. दोन चुका ठरलेल्या. एक, फक्त नावाजलेली तीन-चार कॉलेजं भरायची, आणि मग पहिल्या फेरीत काहीच मिळत नाही. दोन, ‘हे मिळणार नाहीच’ म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकायचं. क्रम खरोखरच्या आवडीचा लाव आणि यादी लांब ठेव. वर लावल्याने खालचं कॉलेज मिळण्याची शक्यता कमी होत नाही.

पुण्या-मुंबईचंच हवं का? मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, पुण्याचं आयएलएस १९२४ चं. तिथलं ग्रंथालय, अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्टच्या) स्पर्धा आणि माजी विद्यार्थ्यांचं जाळं यांना तोड नाही. कंपन्यांत किंवा उच्च न्यायालयात जायचं असेल तर शहराचा फायदा मोठा. जिल्ह्यात वकिली करायची असेल तर जिल्ह्यातलं बरं कॉलेज जास्त कामाचं, कारण तीन वर्षांत ज्या वकिलांच्या, कारकुनांच्या ओळखी होतील त्याच पुढे उपयोगी पडतील. कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगर इथेही जुनी विधी महाविद्यालयं आहेत. कुठलंही घे, तीन गोष्टी तपास. बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे ते पत्रच बघायला माग. मान्यता संपलेल्या कॉलेजच्या पदवीवर सनद अडते. तुकडीत ६० पेक्षा जास्त मुलं आहेत का ते विचार, कारण नियमाने तेवढीच असायला हवीत. आणि गेटवर भेटलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला ‘कॉलेज कसं आहे’ असं न विचारता ‘काल किती तास झाले?’ असं विचार. तो हसला तर समजून जा.

हजेरीचा नियम प्रत्येक विषयाला ७० टक्के, अपवाद म्हणून ६५ पर्यंत सवलत. ‘सही होते, यायची गरज नाही’ असं सांगणारं कॉलेज स्वस्त वाटतं, पण अशा ठिकाणी तीन वर्षं काढलेल्या मुलाला वकीलपत्र कसं भरतात हे पहिल्यांदा न्यायालयातच कळतं.

एमपीएससी आणि एलएलबी एकदम? अभ्यास एकदम करायला कुणाची आडकाठी नाही, आणि राज्यघटना दोन्हीकडे कामाची आहे. पण एका वेळी एकच मुख्य. तुझी मैत्रीण एम.ए.सुद्धा सोबत कर म्हणेल, ते मात्र करू नकोस. यूजीसीने २०२२ मध्ये दोन पदव्यांना एकाच वेळी मुभा दिली हे खरं, पण बार कौन्सिलच्या नियमांत एलएलबीबरोबर दुसरा नियमित पदवी अभ्यासक्रम करायला मनाई आहे. भाषा किंवा संगणकाचा छोटा अर्धवेळ अभ्यासक्रम चालतो. सनदेच्या अर्जात तारखा तपासतात, तेव्हा ही गोष्ट बाहेर येते.

तीन वर्षांत किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते. सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त एका वर्षात धरत नाहीत, आणि एकदा तरी खालच्या न्यायालयातल्या आणि एकदा अपिलाच्या न्यायालयातल्या वकिलाकडे जावं लागतं. पहिलं वर्ष संपलं की दिवाणी वकिलाकडे जा. फौजदारीत गर्दी असते आणि बघायला मजा येते, पण लिखाण दिवाणीत शिकायला मिळतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव दे. लोकअदालतीच्या दिवशी तडजोड कशी लिहितात ते तिथे दिसतं.

आता बाबांचं म्हणणं. ते चूक नाहीत, आकडा थोडा ताणलाय एवढंच. सुरुवातीची तीन ते पाच वर्षं तंगीची असतात. ज्येष्ठ वकिलांनी हाताखालच्या नवोदितांना शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून सुचवलंय. सुचवलंय, सक्ती नाही. तालुक्याला बरेच ज्येष्ठ जाण्या-येण्याच्या खर्चापलीकडे फारसं देत नाहीत हे धरून चाल. सनदेचे ७५०, मग अखिल भारतीय बार परीक्षा : १०० बहुपर्यायी प्रश्न, तीन तास, उत्तीर्ण व्हायला खुल्या आणि ओबीसी उमेदवारांना ४५ टक्के. टिपा नसलेले कायद्याचे कोरे मूळ ग्रंथ आत नेता येतात. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ती पास व्हायची.

पगाराची नोकरी हवी असेल तर सरकारी बँकांत विधी अधिकाऱ्याच्या जागा आयबीपीएस या बँकांच्या सामाईक भरती परीक्षेतून भरतात, त्यासाठी वकील म्हणून नोंदणी लागते. न्यायाधीश व्हायचं असेल तर जुनी माहिती वाचून फसू नकोस. पूर्वी महाराष्ट्रात पहिल्या प्रयत्नात पदवी आणि शेवटच्या वर्षाला ५५ टक्के असले की वकिली न करता दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाची परीक्षा देता यायची. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ ला वकिलीच्या तीन वर्षांची अट परत आणली. ती वर्षं तात्पुरत्या, म्हणजे बार परीक्षेआधी मिळणाऱ्या, सनदेच्या तारखेपासून मोजतात, म्हणून पदवी हातात पडताच सनदेचा अर्ज करायचा, बार परीक्षेच्या निकालासाठी थांबायचं नाही. अर्ज भरताना मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीतली अट बघ. बाबांना सांगायचं तर एवढं सांग : पदवीची तीन वर्षं आणि वकिलीची तीन, या सहा वर्षांचा घरचा हिशेब आधी कागदावर मांडू. फी माफ झाली तर पहिल्या तीन वर्षांचा बोजा बराच उतरतो, आणि फी माफ व्हायला वैधता आणि नॉन-क्रीमी लेअर लागतं. गाडी फिरून तहसील कचेरीपाशीच येते.

राहिली दादाची पुस्तकं. सरसकट घेऊ नकोस. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे. त्या तारखेआधीची प्रकरणं अजून जुन्या कायद्यानेच चालतात, म्हणून न्यायालयात दोन्ही आकडे ऐकू येतील, पण परीक्षेसाठी नवं पुस्तकच लागेल. कामगार कायद्यांचंही तसंच, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू आहेत. करार कायदा १८७२ चा, मालमत्ता हस्तांतरण १८८२ चा, दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. ही तीन, राज्यघटना आणि अपकृत्य (टॉर्ट) कायदा एवढी निवडून घे. आवृत्तीचं साल बघ, मधली पानं शाबूत आहेत का ते चाळ, आणि फौजदारीची व कामगार कायद्यांची पुस्तकं दादाकडेच ठेवून ५०० रुपये सांग.